नऊ माणसांची नाव

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी एम.फिल. करत होते. विषय होता शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. आमच्याकडे असे दगड देवळाच्या मागे, पाणवठ्यावर, बांधाच्या कडेला, कुठेही दिसतात. लोक त्यांना शेंदूर लावतात, त्यांच्यावर ओले कपडे वाळत टाकतात, कधी कधी एकाच दगडावर दोन्ही. वैशाखऱ्यापासून खर्डीपर्यंत मिळेल त्या एसटीनं, मिळेल त्या रिक्षानं फिरून मी त्यांची मापं घेत होते. भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी बी.एड. करील, शाळेत लागेल, हे वडिलांना समजण्यासारखं होतं. दगड मोजून पुढे काय होणार हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी मला कधी अडवलं नाही.

माझ्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा दगड मात्र मला पाहता येत नव्हता. तो पाण्याखाली होता. भातसा धरणात जी गावं गेली त्यांत माझ्या आत्याचं सासरचं गाव होतं, आणि त्या गावात, तीन पुस्तकांच्या म्हणण्याप्रमाणे, नौकायुद्धाचा वीरगळ होता. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, नावेतून लढणारी माणसं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहून काढलं आणि मार्गदर्शक बाईंकडे घेऊन गेले.

बाई कल्याणला राहायच्या. निवृत्तीला आल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांना पार जेरीस आणलं होतं, त्यामुळे सगळा कारभार जेवणाच्या टेबलावरून चालायचा. त्यांनी माझं प्रकरण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुला कुठून कळलं?"

"तीन पुस्तकांत आहे, बाई."

"आणलीयेस?"

पुस्तकं पिशवीतच होती. बाईंनी टेबलावरचं सगळं एका बाजूला सारलं आणि तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवायला लावली. जुनं आधी, नवं शेवटी. "आता तेवढंच वाक्य वाच. मोठ्यानं."

सगळ्यात जुन्या पुस्तकात होतं: 'गावच्या ईशान्येस चिंचेखाली एक शिळा असून तीवर नाव माणसे लढताना दिसतात.' मधल्या पुस्तकात: 'गावच्या ईशान्येस चिंचेखाली असलेल्या शिळेवर नावेतील माणसे लढताना दिसतात.' तिसरं पुस्तक मुरबाडच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. त्यात ईशान्येच्या चिंचेपासून सुरुवात करून पुढे दोन पानं नौकायुद्धाची होती. त्या काळी नदीला केवढं पाणी असेल, खाडीतून मोठ्या नावा कुठवर येत असतील, सगळं होतं. सुंदर लिहिलं होतं. माझं प्रकरण त्याच दोन पानांच्या जोरावर उभं होतं.

"ईशान्येस, चिंचेखाली," बाई म्हणाल्या. "तिघं तिथे गेले आणि तिघांनाही हेच शब्द सुचले?"

मी तिन्ही पानांवरून पुन्हा नजर फिरवली.

"तीन साक्षीदार आहेत असं तू लिहिलंयस. मला तर एकच दिसतोय, आणि तोही इथे हजर नाही. आणि हे 'नाव माणसे' म्हणजे काय? असं कोणी बोलतं का मराठीत?"

"छपाईची चूक असेल बाई. 'नावेत' म्हणायचं असेल."

"असेल. पण ते तू ठरवलंस. आणि तुझ्या आधी या दुसऱ्यानं ठरवलं."

जुन्या पुस्तकाच्या त्या पानाखाली बारीक अक्षरात एक टीप होती: एका जुन्या मासिकातील टिपणावरून. मासिकाचं नाव नाही, साल नाही. मी ती टीप अनेकदा पाहिली होती आणि तिच्यावरून पुढे गेले होते. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे शोध. हे मिळाल्याशिवाय प्रकरण मला दाखवू नकोस."

शोधायला कित्येक महिने गेले. कल्याण, ठाणे, जिथे जुनी मासिकं जपून ठेवली आहेत असं कळायचं तिथे मी जायची. बांधलेले खंड काढून द्यायला ग्रंथपाल कुरकुरायचे. पानांना कसर लागलेली असायची, उलटताना कागद कडेनं चुरा होऊन मांडीवर पडायचा. शेतीच्या कामाच्या दिवसांत खंड पडायचा, पुन्हा सुरू करायची. आणि एका दुपारी, ठाण्याच्या एका वाचनालयात, पंखा बंद पडलेला असताना, ते टिपण समोर आलं. जेमतेम अर्धं पान. लिहिणारा कुठल्याशा खेड्यातला शिक्षक होता. नावाऐवजी फक्त 'एक शिक्षक' एवढंच छापलेलं. त्यानं लिहिलं होतं:

'गावच्या ईशान्येस चिंचेखाली एक शिळा आहे. ती कमरेपर्यंत मातीत गाडलेली असल्याने खालचा भाग मला पाहता आला नाही. वर नऊ माणसे कोरलेली दिसतात, बहुधा लढताना.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. नऊ माणसे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना कुणाच्या तरी हातून पुढच्या पुस्तकात 'नऊ'चं 'नाव' झालं. त्याच्या पुढच्या लेखकाला 'नाव माणसे' हे चुकल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं चांगल्या मनानं ते दुरुस्त करून 'नावेतील माणसे' केलं. त्याच्या पुढच्यानं त्या नावेला वल्ही दिली, नदीला पाणी दिलं. कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या आधीच्यावर विश्वास ठेवला होता, आणि एवढ्यानं आमच्या डोंगराच्या पायथ्याशी आरमार उभं राहिलं होतं.

पण त्या दुपारी मी खरी थक्क झाले ती दुसऱ्याच गोष्टीनं. वाटेत दोन गोष्टी गळून पडल्या होत्या. 'खालचा भाग मला पाहता आला नाही' हे एक, आणि 'बहुधा' हे दुसरं. त्या शिक्षकाला आपल्याला काय दिसलं आणि काय नाही, दोन्ही सांगायचं होतं. रस्ता नसलेल्या दिवसांत तो तिथवर चालत गेला असणार, भिंग नाही, कॅमेरा नाही, आणि अर्ध्या पानाच्या टिपणातही त्यानं आपल्या डोळ्यांची हद्द आखून ठेवली होती. माझ्या जाड प्रकरणात एकही 'बहुधा' नव्हतं. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी मला उठवेना.

बाईंना मी टिपणाची नक्कल दाखवली. त्यांनी ती वाचून हळूच टेबलावर ठेवली. कागदाला दुखू नये अशी. मग म्हणाल्या, "हा मला आवडला. पण यालाही अर्धंच दिसलंय. तुझी आत्या त्याच गावची ना? तिला विचार."

आत्या तेव्हा खर्डीच्या बाजूला, धरणग्रस्तांना मिळालेल्या जागेत राहत होती. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, भातसानगरला धरणावर नोकरीला होता. मी गेले तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत बसली होती. मी दगडाचा विषय काढताच तिचा चेहरा उजळला.

"वीरदेव? चिंचेखालचा? त्याचं इचारतीस होय!"

"आत्या, त्याच्यावर लढाई कोरलेली होती ना?"

"लढाई कसली गो? बाया होत्या त्याच्यावर. फेर धराया उभ्या रायल्यासारख्या."

"बाया? नीट आठव."

"नीट काय आठवू? रोज पानी घेऊन त्याच्यावरनंच यायची मी. लढाईबिढाई काय नाय. बाया होत्या."

आता माझ्याकडे एकाच दगडाच्या तीन हकिगती होत्या. नावा, नऊ लढवय्ये, आणि फेर धरणाऱ्या बाया. मी वैतागून बाईंकडे गेले. आत्या म्हातारी झाली, घोळ करत असेल, असं मी म्हणाले. बाईंनी ते कानामागे टाकलं आणि मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"तिनं दगड किती वेळा पाहिला?"

"लग्न होऊन गेली तेव्हापासून गाव उठेपर्यंत. रोज."

"आणि शिक्षकानं?"

"एकदाच असेल."

"कशासाठी पाहिला त्यानं?"

"लिहायला."

"आणि तिनं?"

"नमस्कार करायला," मी म्हणाले.

"मग लिहिणारा मोजतो, आणि नमस्कार करणारी मोजत नाही. ती कुंकू लावते तिथे बघते. दोघांनाही तुला खोटं ठरवता येणार नाही अजून. दोघांनी काय पाहायचं म्हणून पाहिलं, ते लिहून ठेव."

मी ते लिहून ठेवलं, पण प्रकरण तिथेच अडकलं. दगड पाण्याखाली होता, आणि मुंबईला पाणी देणारं धरण माझ्या प्रकरणासाठी कोण रिकामं करणार?

ते काम एका कडक उन्हाळ्यानं केलं. मे महिन्यात आतेभावाचा निरोप आला. "पाणी लय खाली गेलंय. गावाचं जोतं दिसाया लागलंय. आई तर मागंच लागलीय, ने म्हनून."

सकाळी लवकर आम्ही तिघं निघालो. पाणी जिथून मागे सरलं होतं तिथे चिखल वाळून त्याच्या मोठमोठ्या खपल्या झाल्या होत्या. पायाखाली त्या भाकरीसारख्या मोडत. उतारावर शेतांचे जुने बांध तसेच होते, गाद्यांसारखे गाळानं भरलेले. आत्या आमच्या पुढे होती. जमिनीवर कुठलीच खूण नव्हती, पण ती सरळ चालत नव्हती. मध्येच डावीकडे वळायची, मग उजवीकडे. मला वाटलं, चुकली. मग लक्षात आलं, ती गल्लीतून चालली होती. घरांना वळसा घालत होती. एका जागी थांबून तिनं पायानं गाळ सारला, खाली चौकोनी चिरा निघाला. "हा आमचा उंबरा," ती म्हणाली आणि क्षणभर तिथे बसली. आम्हीही बसलो.

चिंचेचं फक्त काळं बुंधाड उरलं होतं. त्याच्या शेजारी दगड उभा होता. वर्षानुवर्षं लाटांनी त्याच्या पायाची माती खाल्ली होती, त्यामुळे तो किंचित तिरका झाला होता, पण डोक्यापासून पायापर्यंत उघडा होता. माझ्या खांद्याइतका उंच.

वरच्या चौकटीत पिंडीपुढे हात जोडलेला वीर, शेजारी एक स्त्री, आणि पुजारी. त्याखालच्या चौकटीत त्याच वीराला दोन्ही बाजूंनी दंडाला धरून वर नेणाऱ्या अप्सरा. आत्याच्या बाया. लढताना मेलेल्याला स्वर्गात घेऊन चाललेल्या, पाय एका लयीत उचललेल्या, फेर धरल्यासारख्या. मी माणसं मोजली. कधी नऊ भरायची, कधी आठ, कारण कोपऱ्यातली एक आकृती इतकी झिजली होती की ती माणूस आहे की नुसता दगडाचा उंचवटा, ते सांगता येत नव्हतं. शिक्षकानं तिला माणूस धरलं असणार.

मग मी खाली वाकले. कुणी तरी मातीत गाडलेला, शिक्षकाला न दिसलेला, आत्यानं जन्मात न पाहिलेला भाग. कबूल करते, त्याही क्षणी मला नाव हवी होती. एक वाकडी कमान दिसली आणि मला वाटलं, नाळ असेल, नावेचं वर वळलेलं टोक. मी ओल्या फडक्यानं गाळ पुसला. ती शिंगं होती. त्याच्या मागे आणखी शिंगं, वशिंड, शेपट्या. गायींचा कळप होता, आणि कळपापुढे ढाल-तलवार घेऊन एकटा माणूस उभा होता, समोरून येणाऱ्या चौघांना अडवत.

"गायी," मी म्हणाले. "आत्या, हा गायी वाचवताना मेला."

आत्या खाली बसली आणि त्या गायींवरून हात फिरवू लागली. दारातल्या जित्राबाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मुरबाडच्या सरांना सांगायलाच हवं होतं. त्यांच्या दोन पानांचं काय होणार या विचारानं माझी पावलं जड झाली होती. किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं मी त्यांच्या घरी गेले. उंच, सडपातळ, पांढरा लेंगा-सदरा घातलेले सर झोपाळ्यावर बसले होते. मी टिपणाची नक्कल त्यांच्यासमोर ठेवली, दगडात काय दिसलं ते सांगितलं. त्यांनी नक्कल वाचली. झोपाळा थांबला होता.

"दगड अजून वर आहे?"

"पाऊस येईपर्यंत असेल."

"मग आपण बोलत काय बसलोय? उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते आत्याच्या आणि माझ्या मागोमाग लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन त्या उतारावरून चालले. दगडापाशी पोचल्यावर त्यांनी चपला खाली ठेवल्या. आधी वरची चौकट, मग मधली, मग ते थेट मातीत मांडी घालून बसले आणि खालच्या गायी पाहू लागले. सावली सरकली तरी उठले नाहीत.

"दोन पानं लिहिली मी," शेवटी ते म्हणाले. "वारा कुठून वाहत असेल तेसुद्धा लिहिलं. आणि हा इथे आपल्या गायींपुढे उभा आहे, कधीपासून!"

"सर, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाटत होतं ना. इथे येईपर्यंत वाटत होतं. आता याच्यापुढे बसून काय वाईट वाटून घेऊ?" आणि ते हसले. इतकं मोकळं हसले की आत्याही पदर तोंडाला लावून हसू लागली.

मग त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही याची पूजा कशी करायचात, आजी?"

"पूजा अशी काय नाय. कुंकू, फूल. आनि गाय व्याली का पयला चीक ह्याला. त्याच्या आदी घरात कोनी तोंडाला लावायचा नाय."

सर एकदम ताठ झाले. "पहिला चीक? याला?"

"सासू घालायची, मग मी. तिला तिच्या सासूनं सांगितलेला."

"पण गायी तर मातीत होत्या. तुम्हाला दिसतच नव्हत्या."

"आमाला काय ठावं, खाली गायी हायेत," आत्या म्हणाली. "चीक घालायचा, एवढंच ठावं."

जलाशयावरून वारा येत होता. दगडाच्या माथ्यावर, जिथे पिढ्यान्‌पिढ्या चीक ओतला गेला होता, तिथे माझी नजर खिळली. किती पिढ्यांनी तो भाग पाहिलाच नव्हता, आणि तरी गाय व्याली की कुणी तरी बाई वाटी घेऊन या दगडापाशी यायची. मला रडू आलं. का ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

हे सगळं मी एका श्वासात बाईंना सांगितलं. त्यांचेही डोळे चमकले. पण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाकीच्या वीरगळांवर चीक घालतात का, विचारलंस?"

नव्हतं विचारलं. म्हणून पुन्हा गावोगाव फिरले. कुठे नारळ फोडतात, कुठे कोंबडं देतात. मुरबाडकडच्या दोन गावांत चीक घालतात असं निघालं, आणि त्यांतल्या एकाही दगडावर गाय नव्हती. म्हणजे आत्याच्या घरची रीत त्या गाडलेल्या गायींची आठवण असेल, किंवा नसेलही. बाईंनी मला दोन्ही शक्यता लिहायला लावल्या, आणि त्यांतली कुठलीच नक्की का धरता येत नाही तेही. लिहिताना मला जाणवलं, माझं नवल त्यानं कणभरही कमी झालं नव्हतं. उलट नक्की काय ते ठाऊक नसल्यामुळे तो दगड मला अधिकच मोठा वाटू लागला.

प्रकरण वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चांगलं झालंय. पण मला बघायला हवा होता तो दगड."

सरांनी त्यांच्या पुस्तकाची पुढे नवी आवृत्ती काढली. ती दोन पानं त्यांनी काढून टाकली आणि त्या जागी शिक्षकाचं टिपण जसंच्या तसं छापलं. खाली स्वतः दगड पाहिल्याचं, कोणाबरोबर पाहिला ते, आणि कोपऱ्यातली आकृती ओळखता आली नाही हेही लिहिलं. तो शिक्षक कोण, हे मात्र आम्हा दोघांनाही कधी सापडलं नाही.

पाणी पुन्हा तेवढं खाली गेलेलं मी पाहिलं नाही. दगड वर आणून ठेवावा म्हणून आम्ही अर्ज केले, पण पाऊस आधी आला. काही वर्षांनी बाईंनी गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली आणि हिंडू-फिरू लागल्या, तेव्हा पहिला हट्ट त्यांनी दगडाच्या जागी जाण्याचा धरला. तोवर मी शहापूरला शिकवायला लागले होते. स्टेशनवरून मी त्यांना रिक्षानं घेऊन गेले. हिवाळा होता, जलाशय काठोकाठ भरलेला, पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे पडलेले. मी हात करून जागा दाखवली. बाई काठी टेकून काठाशी गेल्या, चपला काढल्या आणि त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. मी डबा उघडून बसले होते, पण त्यांना हाक मारावीशी वाटली नाही.